म्हातारीच्या नसा

सत्यभामाच्या गालांवर तांबडे चट्टे उठले ते कापसाच्या ऐन वेचणीत, नाकाच्या दोन्ही बाजूंना पंख पसरून फुलपाखरू बसावं तसे. फुलसावंगीच्या शिवारात तिच्याइतका चपळ हात दुसऱ्या बाईचा नव्हता. पण त्या साली बोटांचे सांधे सुजले, आणि घटकाभर उन्हात उभी राहिली की अंगात ताप भरू लागला. त्याआधी दोनदा दिवस राहून गेले होते. सासू विमलताईंनी आधी देवऋषी केला, मग तिचा पाण्याचा गडवा वेगळा ठेवला. नवरा नयननं आपली खाट ओसरीत नेली.

गाव महारोग म्हणत होतं. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा कळलं, याला ल्युपस म्हणतात. हा दुसऱ्याला लागत नाही. आपलंच शरीर आपल्या अंगावर उठतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सत्यभामाला ते पटकन समजलं. घरचंच माणूस अंगावर कसं उठतं, ते ती रोज पाहत होती.

त्या डॉक्टरीणबाई अशा बायकांच्या रक्तवाहिन्या तपासत होत्या. या आजारात नसा वयाआधीच ताठ होतात. हृदयाचा ठोका निघाला की त्याची लाट नसेतून पळते. नस मऊ असेल तर सावकाश, ताठ असेल तर सुसाट. तो वेग मोजायचा, आणि मग साधारण तेवढ्याच वयाच्या धडधाकट बाईशी ताडून बघायचा. सोबत पाठची धाकटी बहीण प्रेरणा आली होती. बाईंनी तिला विचारलं, तूही झोपतेस का? प्रेरणा लाजत, हसत शेजारच्या पलंगावर आडवी झाली. दोघींच्या मानेवर आणि जांघेत पेनासारखं यंत्र टेकवून झालं.

"सत्यभामाबाई, तुमच्या नसा साठीच्या बाईसारख्या झाल्यात," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. "गोळ्या चुकवू नका. मीठ कमी करा. ऊन तर नकोच."

प्रेरणाच्या नसा मात्र वयाला शोभतील अशा, मऊ निघाल्या. एसटीत प्रेरणाच रडत होती आणि सत्यभामा तिची समजूत काढत होती.

घरी तिनं सगळं सांगितलं. हा रोग लागट नाही हे एकदा सगळ्यांना कळावं, एवढीच तिची आशा. विमलताईंनी शेवटपर्यंत ऐकून एकच विचारलं, "अन् प्रेरणाच्या नसा कशा हायेत?"

"चांगल्या हायेत, आत्याबाई. एकदम तरण्या," सत्यभामा कौतुकानं म्हणाली.

पुढच्याच बाजाराला विमलताई ढाणकीला सत्यभामाच्या माहेरी जाऊन आल्या. कापसाला भाव नाही म्हणून प्रेरणाचं लग्न सालोसाल पुढं ढकललं जात होतं. विमलताईंनी हुंडा न मागता नयनसाठी तिला मागणी घातली. वडील मान खाली घालून बसले. नाही म्हणाले नाहीत. आईनं सत्यभामाला बोलावून घेतलं आणि सांगितलं की प्रेरणा त्या घरात गेली तर तूही तिथं राहशील, नाहीतर तुला परत पाठवतील.

प्रेरणानं तिला विहिरीकडे गाठलं. "ताई, तू नाही म्हन. तू म्हनलं त मी बी नाही म्हनतो."

सत्यभामा पदर डोक्यावर ओढून उभी राहिली. माहेरात तिला जागा नव्हती, ते आईनं नुकतंच दाखवलं होतं. गोळ्या होत्या, सावली होती, ती सासरच्या त्या एका खोलीत.

"हो म्हन," ती म्हणाली.

लग्न देवळापुढं लागलं. ऊन होतं, म्हणून सत्यभामा आत पुऱ्या लाटत बसली. पुढं प्रेरणा वेचणीला जाऊ लागली. मुलगा झाल्यावर सव्वा महिन्याच्या आतच पुन्हा गेली. दिवसा पोर सत्यभामाकडे असायचं. ते प्रेरणा तिच्या मांडीवरून उचलून न्यायची, पण ताई म्हणून तिनं पुन्हा कधी हाक मारली नाही.

पोर चालू लागलं त्या हिवाळ्यात सत्यभामा चुलीपाशीच कलंडली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून परत आणली तेव्हा विमलताई म्हणाल्या, हिचं आता कोण करणार? नयननं प्रेरणाकडे पाहिलं.

तेव्हापासून वेचणीला जाण्याआधी प्रेरणा तिला भरवायची. घास मोठे असायचे, घाईचे. एका सकाळी सत्यभामाला ठसका लागला, वरण हनुवटीवरून ओघळलं. प्रेरणानं ते पदरानं खसकन पुसलं.

"मी तुले इचारलं होतं," ती म्हणाली.

सत्यभामाचे ओठ हलले. घशातून नुसती घरघर आली. प्रेरणा कापूस भरायची ओटी कमरेला बांधून बाकीच्या बायांबरोबर शेताकडे निघून गेली.

होळीच्या आधी सत्यभामा गेली. उरल्यासुरल्या कापसाची शेवटची फरदड वेचणी चालू होती. प्रेरणाला बोलवायला माणूस गेला तेव्हा तिनं हाती घेतलेली ओळ संपवली आणि मगच ती घराकडे वळली.