चार बोटं माती

मुलगी कॉलेजला गेली आणि तिची घोरपड आमच्याकडे राहिली. आपल्याकडच्या घोरपडीएवढी ती मोठी नव्हती. ऑस्ट्रेलियातली लहान जात, शेपटीसकट सव्वा हात. विटकरी रंग, अंगावर पिवळे ठिपके. दुकानदारानं नर म्हणून दिली होती. मुलगी इंग्रजीत 'ही' म्हणायची, मी मराठीत 'ही' म्हणायचे, त्यामुळे नर की मादी हा प्रश्न आमच्यात कधी निघालाच नाही.

चार वर्षं तिचं सगळं मुलीनंच केलं. अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या घरी वरच्या खोलीत समोरून काच लावलेली मोठी लाकडी पेटी होती. एका टोकाला तापलेला दिवा, आणि आत गुडघ्याला येईल इतकी माती. घोरपड त्यात बिळं करून राहायची. मला ती खोली ऑफिसच्या कामासाठी हवी होती. मुलगी गेल्यावर पेटी खाली आणायची ठरवली, पण ती मातीसकट उचलवेना. नवरा आणि मी माती बादल्यांनी उपसली आणि मागच्या अंगणात टाकली. खाली आणल्यावर पेटीत मातीचा चार बोटं थर दिला. खायला रातकिडे मिळताहेत, ऊब आहे, आणखी काय हवं, असं मला वाटलं.

मुलगी व्हिडिओ कॉलवर विचारायची, "आई, माती ओलसर ठेवतेस ना?"

मी "हो" म्हणायचे. ते खरंच होतं.

मार्चमध्ये घोरपड पेटीचा कोपरा खरवडायला लागली. दिवसभर तेच. मीटिंगमध्येही मला तो आवाज ऐकू यायचा. मग तिनं खाणं सोडलं. मला वाटलं, तिला मुलीची आठवण येत असेल. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "ही इज जस्ट बोअर्ड, आई." तिची परीक्षा चालू होती.

आठवड्याभरात घोरपड दिव्यापासून लांब, डोळे मिटून पडून राहायला लागली. मी तिला उशीच्या अभ्र्यात घालून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर वयस्कर बाई होत्या. एक्स-रेवर सात अंडी दिसत होती.

"नराशिवाय?" मी विचारलं.

"कोंबडी घालते तशीच," त्या म्हणाल्या. "पेटीत माती किती खोल आहे?"

मी हाताची चार बोटं आडवी धरून दाखवली. "ती अंडी घालायला जागा शोधत होती," त्या म्हणाल्या. "खोल खणता आलं नाही, म्हणून तिनं ती आतच धरून ठेवली."

ऑपरेशन त्याच दुपारी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी डबा भरत असताना, घोरपड गेल्याचा फोन आला.

मुलगी शनिवारी आली. ती यायच्या आधी नवरा म्हणाला, "अंडी अडकली, एवढं सांगितलं तरी पुरे. मातीचं कशाला?" तो मला वाचवायला बघत होता हे कळत होतं. पण तिनं पेटी पाहिली असती तर तिला दिसलंच असतं. आणि दिसलं नसतं तरी, चूक माझी होती. जेवणाच्या टेबलाशी बसवून मी तिला सगळं सांगितलं, बादल्यांपासून.

ती म्हणाली, "मी कॉलवर पेटी दाखव म्हणायला हवं होतं."

"नाही. ते तुझ्यावर घेऊ नकोस."

"तू मला विचारलं का नाहीस? वन टेक्स्ट, आई."

विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. हे मला त्या टेबलाशी बसल्यावर पहिल्यांदा कळलं. मी तसं तिला सांगितलंही. तिनं मान हलवली, ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं आणि वर गेली. रविवारी दुपारी ती परतली. निघताना मला मिठी मारली, पण नेहमीसारखी नाही.

त्यानंतर तीन आठवडे तिचे नुसते मेसेज यायचे, एक-दोन शब्दांचे. मग एका दुपारी फोन आला. लॅबमधल्या कुणाशी तरी तिचं वाजलं होतं. ती तासभर बोलत राहिली, मी मध्ये न बोलता ऐकत राहिले. घोरपडीचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही.