बोंबलाच्या जोडीचा विनोद

माझा मामेभाऊ मोठा शास्त्रज्ञ आहे. दोन वस्तू एकमेकींना घट्ट कशा धरून ठेवतात हा त्याचा विषय, आणि त्यावर तो देशोदेशी भाषणं देतो. पण लोकांना तो आवडतो तो त्याच्या विनोदामुळे. तो विनोद मूळचा कुणाचा ते मला ठाऊक आहे, म्हणून तर माझं डोकं फिरलंय.

हायस्कूलची सगळी वर्षं तो झाई गावात आमच्याकडे राहिला. मामाच्या गावाला हायस्कूल नव्हतं आणि इथून बोर्डीची शाळा जवळ. माझी आई त्याची सख्खी आत्या. ती तेव्हाही सुके बोंबील तलासरीच्या बाजारात विकायची, आजही विकते. बोंबील वाळत घालताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूवर टांगतात. अशी एखादी न सुटलेली जोडी आई मुद्दाम टोपलीत वर ठेवायची आणि गिऱ्हाइकापुढे नाचवायची. "नवरा-बायको हायेत. भांडता भांडता सुकून लाकूड झाली, पण एकमेकांचं तोंड... काय सोडलं नाय!" समोरची बाई हसायची आणि घासाघीस करायची विसरायची. सुट्टीत आईबरोबर बाजाराला आलेला भाऊ दर वेळी नव्याने हसायचा.

गेल्या महिन्यात एका विनोदी कार्यक्रमात त्याची मुलाखत झाली. आदल्या दिवशी त्याचा फोन आला, "आत्या, उद्या बघ हां. तुझी आठवण काढणार आहे." झालं! आईने शेजारपाजारच्या बायकांना आवतण दिलं, वाळत घातलेली मासळी लवकर उचलली आणि ठेवणीतलं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसली. जसं काही तिकडून तिलाच कुणी बघणार होतं.

मुलाखत घेणारा डोक्यावर पातेलं उपडं घालून आला होता. म्हणाला, "तुमचं संशोधन माझ्यासारख्या ढ माणसाला कळेल असं सांगा." भावाने दोन बोटं एकमेकांत अडकवली आणि बोंबलाची जोडी सांगितली. शब्द न् शब्द आईचा. 'तोंड' म्हणून क्षणभर थांबायचं, तेही तिचंच. लोक हसून हसून लोळले. आईने माझ्या मांडीवर थाप मारली, "माझा हाय तो! आता बघ, नाव घेल."

पातेलंवाल्याने विचारलंही, "हा विनोद आला कुठून? घरातून?"

"छे हो," भाऊ म्हणाला. "आमच्या घरात हसायला वेळ होता कुणाला? सगळे सकाळपासून मासळीच्या मागे. माझं मलाच हसायला शिकावं लागलं."

तिकडे टाळ्या पडल्या. आमच्या घरात एक शेजारीण उगाच चपला शोधायला लागली. आई स्वतःच्या वाटणीची मासळीची तुकडी उचलून त्याच्या ताटात टाकायची, ते मला आठवलं, आणि इतका संताप आला की टीव्ही फोडावासा वाटला. आमचं खाऊन त्याने आम्हालाच पुसून टाकलं होतं. आई म्हणाली, "घाईत बोलला असल." तेव्हा मला तिचाही राग आला.

त्याने फोन करून विचारलं, "आत्या, कसा झाला?" आई म्हणाली, "लय हसवलंस रे बाबा." आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतरच्या बाजाराला मी मुद्दाम तिच्याबरोबर गेले. कॉलेजातली एक मुलगी टोपलीपुढे वाकली. आईने सवयीने जोडी उचलली आणि "नवरा-बायको हायेत" म्हणून सुरुवात केली. मुलीने तिला पुढे बोलूच दिलं नाही. उरलेलं तिनेच म्हणून टाकलं आणि खो खो हसली.

"मावशी, हा तर त्या शास्त्रज्ञाचा जोक! टीव्हीवरचा ढापला ना?"

मी उठलेच होते. आईने ओढणी धरून मला खाली बसवलं.

"हो गो पोरी," ती म्हणाली. "त्याचाच हाय. आयकला, आवडला, म्हणून सांगितला."

मुलगी हसत बोंबील घेऊन गेली. आईने ती जोडी पुन्हा हातात घेतली, जबडे मोडून दोन्ही बोंबील सुटे केले आणि ढिगात टाकले. पुढच्या गिऱ्हाइकाला तिने नुसता भाव सांगितला.