अक्काचे गिरणीवाले

खरोखर निःपक्षपाती माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि आमच्या अक्काचं दुर्दैव असं की तो तिचा नवरा निघाला. भावोजी एरवी कचेरीत कारकून आणि रविवारी बेंगळुरूच्या कँटोनमेंटमधल्या मैदानांवर फुटबॉलचे रेफरी. शिट्टी आठवड्यातून एकच दिवस वाजायची, पण रेफरीपण सातही दिवस अंगात असायचं. मल्लेश्वरमच्या हॉटेलात आम्ही दोघांत एक बाय-टू कॉफी घ्यायचो. वेटरने ओतलेले दोन्ही पेले ते डोळ्यांसमोर धरायचे, थोडी कॉफी इकडची तिकडे करायचे आणि मगच पहिला घोट घ्यायचे. अक्काने दोन भाज्या केल्या आणि कुठली चांगली झाली असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं, "दोन्ही आपापल्या जागी." माझ्या लग्नात मानपानावरून कुरबुर झाली, तेव्हा यांनी दोन्हीकडचं शांतपणे ऐकून घेतलं आणि चूक आमची, असा निकाल दिला. माझे सासरे त्यानंतर भावोजींना बघितलं की लांबूनच हात जोडत. आमचे वडील मात्र बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते.

मैदानावरचं तर विचारूच नका. एकदा यांनी स्वतःच्याच कचेरीच्या संघाविरुद्ध ऐन शेवटी पेनल्टी दिली. गोलात उभे होते त्यांचेच हेडक्लार्क. लोक यांच्या सायकलीमागे धावले, यांच्या शर्टाची बाही हातात घेऊन परतले. मी म्हटलं, "भावोजी, कधीतरी रेफरीचंही चुकत असेल की." ते सुईत दोरा ओवत म्हणाले, "रेफरी चुकला असं एकदा म्हटलं, की खेळ संपला."

अशा माणसाला नाद होता विलायतेतल्या फुटबॉलचा. सोमवारच्या इंग्रजी पेपरात तिकडच्या लीगचे निकाल कोपऱ्यात बारीक टायपात यायचे, ते हे भिंग लावून वाचत. आपल्याकडे असे शौकीन बरेच होते, आणि ज्याचा त्याचा एक लाडका संघ असे. ज्या गावी सात जन्मांत जायचं नाही, तिथल्या संघासाठी माणसं एकमेकांची तोंडं बघत नसत. भावोजींना मात्र कुणी त्यांचा संघ विचारला तर कुणी लाच देऊ केल्यासारखं वाटे. म्हणत, "संघ धरला की नजर गेली. मग खेळ दिसत नाही, नुसता आपला माणूस दिसतो."

अक्काला नेमकं तेवढंच हवं होतं. शेजारणीच्या फणसाची एक फांदी आमच्या अक्काच्या अंगणात यायची. तिला लागलेल्या फणसांवरून दोघींची जुंपली आणि भावोजींनी भर अंगणात निकाल दिला शेजारणीच्या बाजूने. अक्का आत येऊन रडली. म्हणाली, "अहो, मी बरोबर आहे असं कुठं म्हणते? स्वल्प माझ्या बाजूनं उभं राहिलात तर काय होतं?" भावोजींना वाईट वाटलं होतं हे मला दिसत होतं, पण निकाल काही फिरला नाही.

पुढच्या सोमवारी अक्का पदर खोचून त्यांच्या समोर येऊन बसली. "त्या पेपरात सगळ्यांत खाली कोण आहे?"

भावोजींनी भिंग खाली नेलं. "एक संघ आहे. कापडगिरण्यांचं गाव आहे."

"सरी, ठरलं तर. ते माझे. तुम्ही नका कुणाचे होऊ."

फुटबॉलमध्ये हात लावायचा नसतो, एवढंही अक्काला तोवर ठाऊक नव्हतं. पण दर सोमवारी ती चुलीपाशी बसून विचारायची, "माझ्या गिरणीवाल्यांचं काय झालं?" आणि भावोजी पंचांग वाचावं तशा आवाजात सांगायचे, "हरले." मग ती दिवसभर त्यांची बाजू मांडायची. तिकडे थंडी फार, पोरांना पोटभर मिळत नसेल, दुसऱ्यांची पोरं आडदांड. शेजारीण ऐकून घ्यायची. तिलाही हळूहळू त्या पोरांची काळजी वाटू लागली.

उन्हाळ्यात अक्काचं पोटाचं ऑपरेशन झालं. भावोजी दोन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होते. सोमवारी मी पेपर घेऊन गेलो. गिरणीवाल्यांचा शेवटचा सामना होता, हरले तर खालच्या वर्गात जाणार होते. अक्काने डोळे उघडले आणि पहिलं तेच विचारलं.

भावोजी म्हणाले, "हरले. एक-शून्य. पेनल्टीवर."

अक्काने तोंड भिंतीकडे केलं. इतकी दमलेली ती मला कधी दिसली नव्हती. भावोजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खाकरून म्हणाले, "ती पेनल्टी नव्हतीच. रेफरी चुकला."

अक्का सावकाश वळली. "तुम्ही बघितलीत?"

"बघायला कशाला पाहिजे?" भावोजी म्हणाले. "माझी खात्री आहे."

अक्काला हसू आलं, टाके दुखले, तरी ती हसतच राहिली. त्या दिवसापासून तिला जेवण जाऊ लागलं.

ती घरी आली त्या आठवड्यात भावोजींनी शिट्टी आरशाशेजारच्या खिळ्याला टांगली ती कायमची. आम्ही पुष्कळ समजावलं. ते एवढंच म्हणाले, "मी बाजू घेतली. आता मला रेफरी होता यायचं नाही." अक्काने त्यांच्याशी वाद घातला, पण निकाल तो निकाल. रविवारी दोघं मैदानावर जात आणि गर्दीत उभी राहत. कुणी कुणाला पाडलं की भावोजींचा हात नकळत गळ्याशी जायचा, तिथं काही नसायचं. अक्का ते बघायची आणि जरा त्यांच्या बाजूला सरकून उभी राहायची.