एकदाच मागितलेलं बूच

मोठ्या माणसाकडे एखादी गोष्ट एकदाच मागायची, अशी आमच्या घरची रीत होती. मास्तर असोत, तलाठी असोत, की मिठागराचा मालक. एकदा सांगायचं आणि गप्प उभं राहायचं. दुसऱ्यांदा मागणं म्हणजे उद्धटपणा. वडील मिठागरात राबत होते आणि मी याच रीतीवर पदवीपर्यंत पोचलो. फी-माफी, पुस्तकं, वसतिगृहातली खाट, सगळं कुणी ना कुणी दिलं म्हणून मिळालं. त्यामुळे नवीन पनवेलच्या पुढे एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मला करारावर घेतलं, तेव्हा मी तिथल्या प्रमुखांपुढे, म्हणजे सरांपुढे, हात जोडले. सर म्हणाले, "देवळं गावात आहेत. इथे काम करायचं." बाकीचे हसले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ते काम नवंच होतं. अँटिबॉडी म्हणजे रक्तातले पहारेकरी. परक्या वस्तूला घट्ट धरतात, पण तोडत नाहीत. आम्हाला त्यांच्याकडून तोडण्याचंही काम करून घ्यायचं होतं. ज्या रेणूला तोडायचं, तो ऐन तुटताना जसा दिसेल, तसा एक नकली रेणू बनवलेला होता. त्याला धरणाऱ्या अँटिबॉडी निवडायच्या, त्यांच्या जनुकांत मुद्दाम चुका घालायच्या, आणि बदललेल्या अँटिबॉडी जिवाणूंकडून बनवून घेऊन प्लास्टिकच्या ताटलीतल्या बारीक खाचांत तपासायच्या. रेणू तुटला की खाचेतलं पाणी पिवळं होई. सर्वांत पिवळ्या खाचेतला वाण ठेवायचा, त्यात पुन्हा चुका घालायच्या. फ्रीजरमध्ये जागा कमी, म्हणून उरलेले सगळे ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर मारून टाकायचे. हा सरांचा नियम.

शेवटची परीक्षा बुचाची. बूच म्हणजे तोच नकली रेणू. तो खाचेत टाकला की खऱ्या अँटिबॉडीचं तोंड बंद होतं आणि रंग येत नाही. तरीही आला, तर तो दुसऱ्याच कशाचा तरी. बूच महाग, सरांच्या कुलपात.

कायमची जागा एक आणि करारावर आम्ही दोघं. दुसरी एक पुण्याची मुलगी. ती सरांच्या मागे लागून, दारात उभी राहून बूच घेऊन जायची. मला तो आगाऊपणा वाटे.

एका फेरीत माझी एक खाच हळदीसारखी पिवळी झाली. बाकी काही फिकट. मी सरांकडे बूच मागितलं.

"घाई काय आहे? आधी घरी सांग. मिठागरात आनंद होऊ दे."

मी घरी सांगितलं. नियमाप्रमाणे फिकट वाण वाफेवर टाकले. वडील स्वतः पेढे घेऊन आले, चपला बाहेर काढून आत शिरले. सगळ्यांनी पेढे खाल्ले. सरांनी दोन घेतले.

सोमवारच्या बैठकीत सरांनी माझी ताटली मागवली आणि सगळ्यांसमोर त्या पिवळ्या खाचेतला थेंब नव्या खाचेत घेऊन त्यात बूच टाकलं. पाणी तसंच पिवळं होत गेलं.

"हे तुझं नाही," सर म्हणाले. "तोच रेणू तोडणारं बाजारातलं एन्झाइम आहे. मीच टाकलं होतं. नव्या माणसाकडे एकदा असा पाहुणा पाठवतो."

"माझ्याकडेपण आला होता," एक ज्येष्ठ सहकारी खिडकीकडे बघत म्हणाले. म्हणजे पेढे खाताना सगळ्यांना ठाऊक होतं.

"बूच का नाही लावलंस?" सरांनी मला विचारलं.

"सर, मी मागितलं होतं."

"किती वेळा?"

"एकदा."

"एकदा मागून गप्प बसतो तो रेशनच्या रांगेत शोभतो. संशोधनात नाही."

ती मुलगी मध्येच म्हणाली, "पण फिकट खाचा होत्या ना याच्या? त्या लावून बघू या."

"मारल्या," मी म्हणालो. "नियमाप्रमाणे."

सरांनी खांदे उडवले. "मग त्यात काही खरं होतं की नव्हतं, ते आता देवालाच माहीत. चला, पुढची ताटली."

जागा तिला मिळाली. योग्यच झालं, असं मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. बुचाशिवाय रंगावर विश्वास ठेवायचा नाही, हे मला सरांनीच शिकवलं. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पेढ्यांबद्दल नाही.

करार संपला त्या आठवड्यात वडील मला न सांगता सरांना भेटून आले.

"सांगितलंय त्यांना," ते म्हणाले. "बघू म्हनालं."

"बाबा, ते नाही बोलावणार."

"बोलावतील. मोठी मानसं हायेत. बघू म्हनालंत, नको असं नाय म्हनालं."

मी दुसरीकडे नोकरीला लागलो, तरी वडील सरांच्या बोलावण्याची वाट बघत होते. एकदा आईने विचारलं, परत जाऊन विचारायचं का. वडील तिच्यावर चिडले.

"परत कशाला? आमी एकदा सांगितलंय. दुसऱ्यांदा गेलो तर त्यांना वाईट वाटंल."