सहाशे पानांचा माथा

वर्तमानपत्राच्या डेस्कवरची नोकरी सुटल्यानंतर मी वर्धा जिल्ह्यातल्या गावांची माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळाचे काम पाहू लागलो. ते सिंदी मेघेला राहणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी उभे केले होते. ते माझे शाळेतले सर. पाने सहाशेच्या वर, एका गावाला एक. शाळा, दवाखाना, बाजाराचा दिवस, एसटीच्या वेळा. मजकूर गावातल्याच कोणीतरी लिहून पाठवलेला. नवे पान करायचे म्हणजे आधीच्या एखाद्या गावाचे पान घ्यायचे आणि त्यातला मजकूर बदलायचा, अशी सरांची रीत. त्यामुळे माथ्यावरची पट्टी, मेनू आणि तळाशी सरांचा फोन क्रमांक हे सारे प्रत्येक पानात पुन्हा पुन्हा साठवलेले होते.

सरांना फोनवर ऐकू येईनासे झाले, तेव्हा त्यांच्याऐवजी माझा क्रमांक टाकायचे ठरले. मी एकेक पान उघडून बदलू लागलो. पंधरा दिवसांत निम्मे काम झाले.

सरांनी घरी बोलावले. "अर्धा जिल्हा तुले फोन करते, अर्धा मले. मले तर काही ऐकू नाई येत. लोकं समजतात म्हातारा मुद्दाम गप्प बसला."

"सर, थोडे दिवस द्या."

"पोळ्यापर्यंत देतो. तोवर नाई जमलं तर बंद करून टाकू. चुकीचं सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं."

त्यांची बारा वर्षे त्यात गेली होती. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

पोळा आठ-दहा दिवसांवर आला होता. मी हाताने बदलणे थांबवले. पट्टी, मेनू आणि तळ सगळ्या पानांतून काढले, तिन्हींची एकेक फाइल केली आणि त्या फायली प्रत्येक पानाला जोडणारा छोटा प्रोग्राम लिहिला. क्रमांक एका जागी बदलायचा, बाकीचे काम त्याचे. चालवायला मिनिटही लागले नाही.

दुसऱ्या सकाळी केळझरहून फोन आला. तिथले पान लिहिणारे शेतकरी बोलत होते.

"साहेब, आमचा गणपती काऊन काढला?"

"कुठला गणपती, काका?"

"पानाच्या डोक्यावरचा! पान उघडून राह्यलं, सारं हाय, देवच नाई."

मी जुन्या प्रती काढून पाहिल्या. कागदाच्या माथ्यावर देवाचे किंवा आपल्या श्रद्धेचे नाव घालून मगच लिहायला घेण्याची सवय लोकांनी इथेही पाळली होती. सरांनी ती नावे आल्याप्रमाणे पट्टीत ठेवली होती. कुठे मारुती, कुठे माता, कुठे 'जय गुरुदेव', कुठे 'जय भीम'. सगळी पट्टी सारखीच आहे असे मी दहा-बारा पाने पाहून गृहीत धरले होते. डेस्कवर अशी चूक मी दुसऱ्याची खपवून घेतली नसती.

"चूक माझी आहे, काका. आज परत बसवतो."

"बसवतो म्हणे! बिना मुहूर्तानंच काय?"

सामाईक पट्टीत एक जागा रिकामी सोडली. त्या ओळीत काय यायचे ते प्रत्येक गावाच्या फाइलमधून यावे, अशी व्यवस्था केली. जुन्या प्रतींतून नावे उचलली आणि या वेळी सगळी पाने स्वतः वाचली. त्यात चार दिवस गेले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सर संगणकासमोर बसले. मला बाजूला सरकवून त्यांनी मनाला येईल ते गाव उघडायला सुरुवात केली. केळझर. अल्लीपूर. मग ज्यांची नावे मीही विसरलो होतो अशी लहान गावे. आधी माथा पाहत, मग थेट तळ. तीसेक पाने झाल्यावर म्हणाले, "आता मेनूत पशुवैद्यकीय दवाखाना टाकून दाखव. साऱ्या गावांत."

मी एक ओळ लिहिली, प्रोग्राम चालवला. त्यांनी पुन्हा अल्लीपूर उघडले. ओळ होती. आणखी पाच गावे उघडली. तिथेही होती.

इतक्या वर्षांत माझ्या नावाने छापून आलेल्या कोणत्याही बातमीने मला त्या ओळीइतका आनंद दिला नव्हता.

सरांनी चष्मा काढून पुसला. "राहू दे चालू," म्हणाले. आणि ज्या गावांचे पान अजून झाले नव्हते त्यांची नावे सांगू लागले. मी लिहून घेऊ लागलो.