चौथीच्या बाहुल्यांचे कपडे

त्या वर्षी जूनमध्ये चौथीच्या दोन तुकड्यांची एक तुकडी करावी लागली आणि ती माझ्याकडे आली. आमची मराठी माध्यमाची शाळा ठाकुर्लीत, स्टेशनपासून जरा आत. मुलं दरवर्षी कमी होत होती, त्याची आता सवय झालेली. शेजारच्या जागेवर मात्र टॉवरचं काम नुकतंच सुरू झालं होतं. खिडक्या उघडल्या की धूळ आणि मिटल्या की घामाच्या धारा. बुलडोझर सुरू झाला की मी बोलणं सोडून द्यायचे आणि फळ्यावर लिहायला लागायचे.

एकदा तो मध्येच बंद पडला. वर्गात एकदम शांतता झाली. पहिल्या बाकावरची एक किडकिडीत मुलगी मागे वळून म्हणाली, "आता मी," आणि तिने घशातून असा काही घरघराट काढला की सगळा वर्ग बाकांवर आडवा झाला. मलाही हसू आवरेना. दोन घट्ट वेण्या, गुडघ्याला कायम कसली तरी खपली, आणि आवाज मात्र वर्गात सगळ्यांत मोठा. तिची ओळख मला अशी झाली.

गणपतीची सुट्टी संपल्यावर आम्ही बाहुल्या करायला घेतल्या. संमेलनात दरवर्षी गाण्यांवरचे नाच असायचे. मला या मुलांकडून त्यांचं स्वतःचं काहीतरी करून घ्यायचं होतं. वर्तमानपत्रं भिजवून, कुटून लगदा केला, त्यात मेथीची पूड आणि खळ घातली. आठवडाभर वर्गाला मेथीचा कडू वास येत होता. गोष्टही मुलांनीच रचली. टॉवरसाठी झाड तोडतात, कावळीचं घरटं जातं. कावळी नवं झाड शोधायला उडते आणि तिला परतीची वाट सापडत नाही, कारण सगळ्या इमारती सारख्याच दिसतात. मग पिल्लू कबुतराला विचारतं, कुत्र्याला विचारतं, बुलडोझरला विचारतं. शेवटी खडवलीच्या नदीकाठी एका झाडावर आई सापडते. खडवली एका मुलाने सुचवली, कारण तो तिथे पोहायला गेलेला.

बुलडोझर कोण होणार हे विचारायची गरजच पडली नाही.

तिची आई घरी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. वडील ठाण्याला एका कंपनीत सिक्युरिटीत होते. बाहुल्यांच्या कपड्यांचं निघालं तसं मुलीने परस्परच सांगून टाकलं, "माझी आई शिवेल." पुढच्या शनिवारी आई खरंच आली. बारीकशी बाई, खांद्याला पिशवी, पिशवीत ब्लाउजपिसांचे उरलेले तुकडे. मुलांच्या बाकावर अंग चोरून बसली आणि म्हणाली, "बाई, कावळ्याला कपडे?"

"मग काय नागडा जाईल का स्टेजवर?" मुलगी म्हणाली.

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. त्यानंतर ती दर शनिवारी यायची. कावळीला हिरवं लुगडं, पिल्लाला लाल झबलं, कुत्र्याला चौकड्यांचा शर्ट. मुलं तिच्याभोवती गोळा व्हायची, सुईत दोरा ओवून द्यायला भांडायची. बुलडोझर म्हणजे पुठ्ठ्याचा खोका, त्याला दोन डोळे. त्याच्यासाठी तिने पिवळं जाकीट शिवलं, अस्तर लावून, ब्लाउजला लावतात तसे हुक लावून.

"खोक्याला अस्तर कशाला हो?" मी विचारलं.

"हिला विचारा. म्हणते, त्याला थंडी वाजते."

दिवाळीच्या सुट्टीत मुलीच्या आईला ताप आला. हे मला नंतर मुलीच्या वडलांकडून कळलं. सुरुवातीला सगळ्यांना येतो तसा ताप होता. गल्लीतल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, दोन दिवस बरं वाटलं, तिने शिवायची राहिलेली कामंही उरकली. मग उलट्या सुरू झाल्या. डोंबिवलीतल्या दवाखान्याने कल्याणला न्यायला सांगितलं, कल्याणला म्हणाले आमच्याकडे जागा नाही, ठाण्याला घेऊन जा. माजिवड्याला पुलाखाली अँब्युलन्स अडकली. "सायरन चालू होता बाई," वडील मला सांगत होते, "पण गाड्या सरकणार कुठे? तिचा हात माझ्या हातात होता. गाड्या सुटल्या तेव्हा हात वेगळाच लागला." एवढं बोलून ते व्हरांड्यातल्या कुंडीकडे बघत राहिले.

सुट्टी संपली तरी मुलगी काही दिवस आली नाही. मी वर्गाला सांगितलं होतं की ती आली की तिला काही विचारायचं नाही, नेहमीसारखं वागायचं. एका मुलीने हात वर केला. "बाई, तिच्यासमोर हसलेलं चालेल का?"

"चालेल," मी म्हटलं.

पण ती आली त्या दिवशी कोणी हसलं नाही. वेण्या सैल घातलेल्या, एक वर एक खाली. तिने बाकावर दप्तर ठेवलं, पुस्तक काढलं, शुद्धलेखन केलं. शेजारचा बुलडोझर दिवसभर घरघरत होता आणि सगळी मुलं चोरून तिच्याकडे बघत होती.

मी मुख्याध्यापिकांना सांगितलं की नाटक रद्द करू या. त्या म्हणाल्या, "तेच म्हणत होते. एखादं कोळीनृत्य बसवा, मुलांना येतंच." मी वर्गात तसं सांगितलं. ती उभी राहिली. "का पण? माझं पाठ आहे सगळं."

तिच्यासाठी म्हणून थांबवत होतो, आणि थांबवू नये असं वाटणारी तीच एकटी होती. तालीम पुन्हा सुरू झाली.

पिल्लाचं काम करणारा मुलगा मुळातच हळवा होता. त्याची जागा आली की तो अडायचा. "आई कुठे आहेस?" एवढंच वाक्य. त्याने बाहुली वर धरली, बुलडोझरवालीकडे पाहिलं आणि बाहुली खाली घेतली. पुन्हा धरली, पुन्हा खाली. मी त्याला चुचकारणार, तेवढ्यात ती म्हणाली, "अरे बोल ना. तुझी थोडीच मेलीये?"

तो मुलगा रडायला लागला. ती मात्र खोका हातात धरून आपल्या वाक्याची वाट बघत उभी राहिली. शेवटी तो हुंदके देत देतच वाक्य बोलला आणि ती लगेच घरघरली, "बाजूला हो! मला वेळ नाही!" आम्ही सप्टेंबरमध्ये ज्याला पोट धरून हसलो होतो तेच वाक्य, त्याच आवाजात.

शेवट बदलायचा का, असा प्रश्न एका मुलीने काढला. आई सापडते हे तिला बरोबर वाटत नव्हतं. वर्गात दोन तट पडले. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी, नाही म्हटलं तरी, पहिल्या बाकावर तिच्याकडे पाहिलं. ती खपली काढत होती. "नाटकात सापडू दे," म्हणाली. "नाटकच आहे ना."

डिसेंबरमध्ये एका सकाळी कपाट उघडलं तर सगळ्या बाहुल्या उघड्या. लुगडं नाही, झबलं नाही, जाकीट नाही. नुसते रंगवलेले लगद्याचे चेहरे आणि खाली काड्या. "चोरी! बाई, चोरी झाली!" मुलांनी गोंधळ घातला. ती जागची हलली नाही.

"मी नेले," ती म्हणाली. "माझ्या आईने शिवलेत."

"आमच्या बाहुल्यांचे आहेत ते!" कुत्र्याचं काम करणारा ओरडला. तो चिडला यात त्याची चूक नव्हती. बाकीची मुलंही चिडली होती, आणि चिडल्याची त्यांना लाजही वाटत होती.

मी म्हटलं, "राहू देत तिच्याकडे. आपण कागदाचे करू." मधल्या सुट्टीत मी तिला जवळ बोलावलं. म्हटलं, "तुला हवे तितके दिवस ठेव." तिने मान हलवली. आम्ही वर्तमानपत्राचे झगे कापले आणि रंगवले. ओल्या रंगाने कागद फाटत होता, मुलं कुरकुर करत होती.

संमेलनाच्या आदल्या दिवशी ती प्रार्थनेच्या आधीच वर्गात आली. हातात प्लास्टिकची पिशवी. ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "घ्या."

आत सगळे कपडे होते. इस्त्री करून, चौकोनी घड्या घालून.

"अगं, पण तुला हवे होते ना?"

"काकूने धुतले." तिच्या वडलांच्या भावाची बायको घर सांभाळायला येऊन राहिली होती, एवढं मला माहीत होतं. "उशीखाली ठेवलेले मी. काकू म्हणाली, किती घाण वास येतोय, आणि मशीनला लावले." लाल झबलं नाकाशी धरून ती म्हणाली, "आता नुसता साबणाचा येतो. आता काय करायचेत?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती तशीच उभी राहिली, थोड्या वेळाने हाताखालून सरकून आपल्या जागेवर गेली. प्रार्थनेची घंटा झाली.

संमेलनाला हॉल भरला होता. आमचं नाटक दोन नाचांच्या मध्ये. मागे पालक एकमेकांशी बोलत होते, लहान मुलं रडत होती, माईक मध्येच शिट्टी मारत होता. पिल्लू "आई कुठे आहेस?" म्हणालं ते फार कोणाला ऐकू गेलं नसावं. बुलडोझर आला आणि हॉल एकदम हसला. ती पडद्यामागे गुडघ्यांवर बसून, मानेच्या शिरा ताणून ओरडत होती. तिचा घसा फाटला, आवाज चिरकला, तसे लोक आणखी हसले. कोणीतरी शिट्टी वाजवली. खडवलीच्या झाडावर हिरव्या लुगड्यातली कावळी सापडली आणि टाळ्या पडल्या. पुढच्या नाचाचं गाणं लगेच सुरू झालं.

खाली आल्यावर ती मला म्हणाली, "बाई, मागेपर्यंत गेला का आवाज?" स्वतःचा आवाज पार बसलेला.

"गेला," मी म्हटलं.

"बाबा मागे उभे राहणार होते. ड्यूटी सुटली असेल तर." आम्ही दोघी हॉलच्या दारापर्यंत जाऊन आलो. ड्यूटी सुटली नव्हती.

निकालाच्या दिवशी वडील दाखला मागायला आले. मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली होती. काकूला तिची स्वतःची दोन मुलं होती, ती आता परत निघाली होती, आणि वडलांना रात्रपाळी लागली होती. "एकटीला घरात ठेवून जाऊ कसा बाई? दिवस कसले आहेत. गावाला माझी आई आहे." गाव रत्नागिरीकडे, आतल्या बाजूला. मी पुष्कळ बोलले. म्हटलं, इथे पाचवीला ठेवा, दुपारची मी माझ्याकडे बसवून घेईन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचे उपकार आहेत," म्हणाले, "पण दुपारचं नाही ना, रात्रीचंच आहे." माझ्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, दोन खोल्या. ते बोलत होते तेवढा वेळ ती व्हरांड्यात पिल्लाचं काम करणाऱ्या मुलाशी चिंचोके खेळत होती. जाताना त्याला सगळे चिंचोके देऊन गेली.

पुढच्या गणपतीत मी गावच्या नंबरवर फोन लावला. आजीने उचलला. "बरी हाय ओ," म्हणाली. "बोलत न्हाय फार. कामाला चांगली हाय."

मग ती आली. "हां बाई."

मी शाळेचं विचारलं. पाचवी ते सातवी एकत्रच बसतात, म्हणाली. बाई नाहीत, गुरुजी आहेत. गुरुजी कधी कधी येत नाहीत.

"नाटक वगैरे करतात का गं तिकडे?"

"नाही करत."

"मग शाळा सुटल्यावर काय करतेस?"

"पाणी आणते. आजीच्या पायाला तेल लावते." मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. तिचा आवाज इतका खाली गेला होता की मी फोन कानाशी दाबून धरला होता.

"बाबा येतात का?"

"मला सोडायला आलेले." मग म्हणाली, "बाई, आजी हाक मारतेय. ठेवू?"