पाटबंधाऱ्यातले काका आणि लिंबुर्गचा ओढा

काठावर उभं राहून ते एक डोळा मिटायचे, अंगठा पुढे धरायचे आणि म्हणायचे, "हे काही सरळ नाही."

तुमच्याही ओळखीत असा एखादा निवृत्त साहेब असेलच. हे आमच्या शेजारच्या मिलिंदचे वडील. साताऱ्याला पाटबंधारे खात्यात उभा जन्म कालवे आखण्यात गेलेला. दोन हजार पाचच्या सुमारास तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकाकडे आले होते, नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, लिंबुर्गात.

आमच्या गावामागे चुनखडीच्या टेकड्यांतून एक ओढा येतो. पाणी इतकं नितळ की तळातला खडा न् खडा दिसावा. असे ओढे या देशात बोटांवर मोजण्याइतके. पूर्वी कुणीतरी तो सरळ केला, तळाशी गाळ बसला आणि ट्राउट मासे अंडी घालायला येईनासे झाले. म्हणून आम्ही गावकरी दर शनिवारी त्यात ओंडके आडवे टाकायचो. पाणी वळावं, गाळ जावा, खडी उघडी पडावी.

रविवारी बघावं तर ओंडके काठावर, तेही नीट रचून! असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी पाळत ठेवली. लेकाचे गमबूट घालून काका पाण्यात. उलट मलाच झापलं, "कुठल्या नालायकाने प्रवाहात लाकडं टाकलीत? तुमची ग्रामपंचायत झोपलीय का?"

तो नालायक मीच, म्हटलं, आणि सगळं समजावलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. पुढच्या शनिवारी त्यांनी सगळ्यांपुढे हात जोडून कबुली दिली. दुभाषा मी. डच मंडळी पोट धरून हसली, त्यांना कॉफी पाजली आणि ओंडके कुठे टाकावेत ते त्यांनाच विचारलं. मग काय! पाणी सरळ न्यायला शिकलेल्या माणसाला ते कुठे वाकेल हेही पक्कं ठाऊक. पंधरा दिवसांत खडी दिसायला लागली.

पण मासे येतात डिसेंबरात आणि व्हिसा संपला नोव्हेंबरात. निघताना म्हणाले, "आले तर कळव. नाही आले तरी कळव."

आले. एक मादी शेपटीने खडी उकरताना दिसली आणि मी काठावरूनच साताऱ्याला फोन लावला. तिकडून काकांचा हुकूम सुटला, पिल्लं निघेपर्यंत कुणाला पाण्यात उतरू द्यायचं नाही, कुत्र्यालासुद्धा. मी हिवाळाभर कुडकुडत कुत्री हाकलली. काकांना शिव्याही घातल्या.

फेब्रुवारीत काका झोपेतच गेले.

एप्रिलमध्ये पिल्लं दिसली, नखाएवढी. कुणाला सांगावं कळेना. फार वाईट वाटलं. शेवटी भीतभीत काकूंना फोन केला.

"थांब हं," त्या म्हणाल्या. चपला फरफटल्याचा आवाज आला. "फोन यांच्या फोटोसमोर धरलाय. आता सांग."

मी सांगितलं. सविस्तर.